तीन बोटांची खूण कुणाची

सिद्धोधन वकिलांच्या ऑफिसात बाकड्यासमोरच्या भिंतीवर मोठा फ्लेक्स लावला होता. 'छोटा धंदा : कायद्याच्या नेहमीच्या शंका.' प्रश्न लाल अक्षरांत, उत्तरं निळ्या. बाहेर खोळंबलेल्यांनी तो वाचावा आणि आत येऊन तेच तेच विचारू नये, एवढाच हेतू. साधना तो मोठ्यानं वाचत होती. शेजारी बसलेल्या सासूला, बानूबाईला, वाचता येत नव्हतं आणि भिंतीवर काय लिहिलंय ते कळल्याशिवाय तिला चैनही पडत नव्हतं.

साधनाच्या मांडीवर एक पिशवी होती. वाळवून, कुटून, चाळून भरलेलं मेंढीचं लेंडीखत. पिशवीवर गेरूच्या रंगाची तीन बोटं, वरून खाली ओढलेली. सकाळीच परभणीतल्या नर्सरीवाल्या बन्सीधरनं ती तिच्या हातात परत ठेवली होती.

"बाई, हा माल मला ठेवता येत नाही. कंपनीचा फोन आलता. तीन बोटांचा माल त्यांचाच, बाकी सगळा नकली म्हणाले."

"नकली? आवो, ही बोटं माही हायेत!"

बन्सीधरला वाटलं, बाई रागाच्या भरात काहीही बोलतेय. पण ती बोटं खरोखर तिचीच होती. तिनं गेरूत हात बुडवून कोऱ्या कागदावर ओढली, आणि प्रेसवाल्यानं त्यावरून छाप बनवला. मधल्या बोटाला जुनी जखम आहे, म्हणून मधली रेघ खाली जराशी फाटलेली. कंपनीच्या नव्या चकचकीत पिशवीवरही ती तशीच फाटलेली होती.

*धंदा सुरू करायला सगळ्यात आधी काय लागतं?*

"'उत्तर. नाव, पत्ता आणि मालक कोण ते ठरवणं,'" साधनानं वाचलं.

"आन् लेंड्या," बानूबाई म्हणाली. "त्या कामून न्हाई लिवल्या? लेंड्या नसत्या तर काय इकलं असतं, नाव?"

समोरच्या बाकावरचा माणूस हसला. बानूबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसा तो मोबाइलमध्ये शिरला.

तर लेंड्यांची गोष्ट अशी. बानूबाईचा नवरा येडबा म्हणजे ताडकळसच्या बाजूचा जुना मेंढरंवाला. दिवाळी झाली की कळप घेऊन घरदार रानोमाळ निघतं, ते पाऊस तोंडावर आला की वस्तीवर परततं. ज्याचं रान रिकामं झालं तो शेतकरी मेंढ्या बसवून घेतो. कळप रात्रभर वावरात बसतो, जमिनीला खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. एकाची मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर ओळखू यावीत म्हणून घरोघरची खूण वेगळी. कुणाचा कान चिरलेला, कुणाच्या पाठीवर निळा टिळा. येडबाच्या घराची खूण तीन बोटं. लोकर कातरली की खूण जाते, मग पुन्हा ओढायची. लग्न होऊन आली त्याच साली सासऱ्यानं हे काम साधनाकडं दिलं. "पोरीचा हात हालत न्हाई," एवढंच बोलला तो.

महारुद्र बागायतदाराच्या वावरात कळप बसला होता, तेव्हा त्याची बायको राजेश्री सकाळी सकाळी टोपलं घेऊन आली. कुंडीतल्या गुलाबाला म्हणून लेंड्या वेचू लागली. शिकलेली बाई, पायात चांगल्या चपला, आणि मेंढरांमागं वाकून लेंड्या वेचतेय, हे बघून साधनाला हसू आवरेना. पुढच्या खेपेला तीच राजेश्री धावत आली. "साधना, शहरात लोकं हे पैसे देऊन घ्यायलेत गं!"

"काय, लेंड्या?"

"लेंड्या! पिशवीत घालून!"

दोघी धुऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्या दिवसापासून साधना तिला चारचौघांत 'वहिनी' म्हणायची आणि दोघीच असल्या की 'राजी'.

*धंद्याला कायमचा पत्ता लागतोच का?*

"'उत्तर. होय. नोंदणी, परवाना, बँकेचं खातं, सगळ्याला पत्ता लागतो.'"

"आमचा पत्ता मेंढराला इचारा म्हणावं," बानूबाई म्हणाली.

राजेश्रीनं फॉर्म भरायला घेतला तेव्हा विचारलं होतं, "तुझं नाव घालू ना?"

"घाल की."

"पत्ता?"

साधनानं आभाळाकडं हात केला. त्यावरही दोघी हसल्या, आणि त्या हसण्यात पत्ता राजेश्रीचा झाला. मग शेड तिची, बँकेतलं खातं तिचं, खत विकायचा कृषी खात्याचा परवाना तिच्या नावाचा. लेंड्या, चाळणी, कुटणं, वाळवणं आणि ती तीन बोटं तेवढी साधनाची. साधनाला त्यात वावगं काही दिसलं नाही. घर सुद्धा एकाच्याच नावावर असतं, राहतात सगळे.

*भागीदारी तोंडी चालते, की लेखी करार हवाच?*

साधनानं उत्तर मनातल्या मनात वाचलं.

"वाच की. थांबलीस कामून?"

"वाचलं, आत्या."

"मला न्हाई ऐकू आलं."

"'तोंडी भागीदारी कायद्याला चालते. पण लिहून ठेवणं केव्हाही हिताचं.'"

बानूबाई पदराचं टोक पिळत बसली. कारण कागद आला होता. त्यांच्या वस्तीवर, स्वतःच्या पायानं चालत.

धंदा सुरू करायच्या आधी बानूबाईनंच दोघींना देवापुढं बसवलं होतं. दोघींनी खंडोबाचा भंडारा तळहातावर उचलला. धंदा निम्मा निम्मा. एकमेकीला न पुसता काही करायचं नाही. राजेश्रीनं पण कपाळाला भंडारा लावला, तिचे डोळे भरून आले होते. आणि त्यानंतर आठवडाही झाला नसेल, ती स्टॅम्प पेपर घेऊन आली. तिच्या भावानं मजकूर लिहून दिला होता. दोन सह्या तेवढ्या बाकी.

"राजी," साधना म्हणाली, "भंडारा उचललाय आपण. आता कागद? देवाला जामीन मागायलीस काय?"

"अगं, तसं न्हाई. उद्या काही झालं तर तुझ्याच हातात काहीतरी असावं म्हणून—"

"आमच्यात भंडाऱ्यावर कागद मागितला की पंगतीतून उठवतेत, बाई," बानूबाई चुलीपासून म्हणाली. "तुमाला दस्तूर ठाऊक न्हाई म्हणून सोडलं."

राजेश्रीचा चेहरा एवढाएवढासा झाला. तिनं कागदाची घडी केली, पर्समध्ये घातली, कान धरून चुकलं म्हणाली. पुढचे कितीतरी दिवस साधना मनात फुगून होती. शिकल्यासवरल्या बाईला जबान म्हणजे काय ते आपण शिकवलं, म्हणून.

*भागीदार कसा निवडावा?*

"'उत्तर. ओळखीचा, विश्वासाचा...'"

"पुढचं वाच," बानूबाई म्हणाली. "ते सोड."

*नवऱ्यानं केलेल्यात बायकोचा दोष किती धरतात?*

हा प्रश्न फ्लेक्सवर नव्हता. साधनानं तो आत गेल्यावर विचारला.

सिद्धोधन वकील बारीक अंगाचे, बोलताना पेनचं टोपण काढघाल करणारे. त्यांनी कॉम्प्युटरवर सगळं काढून बघितलं होतं. कळप लांब असताना, इकडं एक कंपनी उभी राहिली होती. संचालक दोन, महारुद्र आणि राजेश्री. त्याच कंपनीनं तीन बोटांची खूण आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला टाकली होती.

"अजून नोंद पक्की झालेली नाही," वकील म्हणाले. "अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापून येतो, आणि तिथून चार महिन्यांत कुणालाही हरकत घेता येते. तुम्ही मुदतीत आहात. अर्ज आधी कुणी केला यापेक्षा खूण आधी कोण वापरत होतं, ते जास्त मोलाचं असतं."

"मेंढरावर ओढायला बी बंदी हाय का आता?" बानूबाईनं विचारलं.

"नाही हो आजी, मेंढरं तुमची, पाठी त्यांच्या. भांडण पिशवीचं आहे. पण हरकत घेतली नाही, तर पिशवीवर ही खूण पुन्हा कधी लावता येणार नाही, हे धरून चाला."

साधनानं मांडीवरची पिशवी उलटी करून ठेवली. "मंग घ्या हरकत. फकस्त तिचं नाव नका घालू. त्यानं सही करायला लावली असंल. ती तशी न्हाई, साहेब. नवऱ्यापुढं कुणाचं चालतं?"

"ताई, तुम्ही माझ्या पक्षकार आहात, की तिच्या वकील?"

साधनानं उलट्या पिशवीवर हात ठेवला.

"खूण त्यांच्या हातात गेली कशी, हे लिहावंच लागणार. तिचं नाव टाळून ते कसं लिहू मी?"

"मी आधी तिला भेटून येते."

वकिलांनी टोपण बंद केलं. "जा. पण कशावर सही करू नका."

"आन् तिथला च्या पिऊ नको," बानूबाई म्हणाली.

*ताडकळसच्या बसमध्ये कुठले प्रश्न पडतात?*

फोन लागत नव्हता, की राजी उचलत नव्हती? महारुद्रनं हात उगारला असेल का? सही करताना तिला रडू आलं असेल का? तिनं निरोप धाडला असेल आणि आपण कुठल्या तरी रानात असू, असं तर झालं नसेल? तिला तिथून सोडवून आणायचं कसं? सोडवून आणलं तर ठेवायचं कुठं, वस्तीवर? मेंढरांच्या वासात तिला झोप लागेल का? तिकिटाचे सुटे परत घ्यायचे राहिले का?

*भागीदारानं विश्वासघात केला तर आधी काय करावं?*

फ्लेक्सवर उत्तर होतं, 'नोटीस पाठवावी.' साधना स्वतः गेली.

शेड ओळखू येईना. जिथं त्या दोघी बारदान अंथरून लेंड्या वाळवायच्या तिथं फरशी झाली होती, कुटायचं मशीन घरघरत होतं, तोंडाला फडकी बांधून चार बाया पिशव्या भरत होत्या. राजेश्री आतल्या काचेच्या खोलीतून बाहेर आली, आणि साधना दिसताच खुलली. खरंच खुलली, हे साधनाला नंतरही नाकारता आलं नाही.

"साधे! कधी आलात वस्तीवर? किती काळवंडलीस गं! ये, आत ये. चहा सांगते."

"नको. वाईच बस." साधनानं दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला. "राजी, तुझ्या नवऱ्यानं केलंय ना हे? तू बोलू नकोस काही. नुसती मान हालव. बाकी मी बगते."

राजेश्रीनं मान हलवली नाही. तिला आधी कळेचना. मग कळलं, आणि ती चक्क हसली.

"ह्यांनी? ह्यांना खत आन् खडी यातला फरक कळत न्हाई गं. कंपनी मी काढली."

"आन् बोटं?"

"ती पण मीच टाकली नोंदवायला. कुणीतरी चोरायच्या आत."

मशीन बाहेर घरघरत होतं.

"तू रानात," राजेश्री म्हणाली. तिचा आवाज समजूत घालणारा होता, लेकराला घालतात तसा. "फोनला रेंज न्हाई. मोठ्या दुकानवाल्यानं माल मागितला, म्हणाला मालक कोण, कागद दाखवा. काय दाखवू मी? भंडारा? मी आणलता की कागद तुझ्याकडं. तूच मला लाजवून परत पाठवलंस. तुझी सासू तर पंगतीतून उठवायला निघालती मला."

"हां. कागद नको मीच म्हणले." साधना सावकाश बोलत होती. "नाव नको म्हणलते का?"

राजेश्रीनं टेबलावरची पावती उचलली, पुन्हा तिथंच ठेवली.

"कंपनी काढताना तिसरं नाव बसत न्हवतं?"

"बसलं असतं. पण मग सारखी तुझी सही लागली असती. कुठं शोधत फिरायचं तुला, कुण्या रानात? अन् तुझं मी काही बुडवायले का? लेंड्या तुमच्याच घेणार. दुसऱ्या कुणाच्या घेणार न्हाई, शब्द देते. आन् तू ये ना परत, चाळायला. पहिल्यासारखी. रोज लावते तुझा, ह्या बायांपेक्षा जास्त."

"पहिल्यासारखी म्हंजे?"

"पहिल्यासारखीच गं. तव्हा बी तू कामच करायचीस ना?"

तेवढ्यात दार ढकलून एका बाईनं डोकं आत घातलं. "म्याडम, ही नवी बाई उद्यापासून यायली का? फडकं द्यायचं का हिला?"

राजेश्रीनं फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, की ही नवी नाही. साधना वाट बघत होती. एवढ्या एका वाक्यावर ती बाकीचं गिळून परत गेली असती, कदाचित चहासुद्धा प्यायली असती.

"बघू," राजेश्री म्हणाली. "तू जा आधी, मशीनकडं बघ."

बाई गेली. खोलीत पुन्हा दोघीच उरल्या.

"येते, वहिनी," साधना म्हणाली.

"वहिनी कुणाला म्हणायलीस? साधे! थांब ना—"

*भागीदारी मोडायची कशी?*

"मुदत ठरलेली नसेल तर एका भागीदारानं दुसऱ्याला लेखी कळवलं की भागीदारी मोडते," दुसऱ्या दिवशी सिद्धोधन वकिलांनी सांगितलं.

"जोडायला तोंड चालतंय, आन् मोडायला कागद?" बानूबाई म्हणाली.

"हो आजी. कायदा आहे तसा."

"उफराटाच हाय की."

वकिलांनी खुर्ची पुढं ओढली. रात्री त्यांनी विचार केला होता, आणि त्यांना एक सोपी वाट दिसली होती. भागीदारीचा विषयच काढायचा नाही. खूण येडबाच्या घराण्याची, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांवर. त्याच खुणेनं साधनानं खत विकलं. राजेश्री ही माल घेणारी एक परकी बाई, तिनं खूण उचलली. साक्षीला धनगरवाडीतली दहा माणसं उभी राहतील. सरळ मामला.

"आणि भागीदारी लिहिली तर?" साधनानं विचारलं.

"तर दोन अडचणी. एक, ते म्हणणार ही बाई आमच्याकडं मजुरीला होती. मग भागीदारी तुम्हाला सिद्ध करावी लागेल, आणि ताडकळसमध्ये महारुद्रच्या विरुद्ध कोण तोंड उघडतंय ते बघावं लागेल. दुसरी त्याहून वाईट. समजा सिद्ध झालंच, तर तुम्ही ती खूण भागीदारीत दिली असा अर्थ निघू शकतो. मग पिशवीवरच्या खुणेत निम्मा हक्क तिचाही. पहिल्या वाटेनं गेलात तर पूर्ण तुमची."

"मंग त्याच वाटंनं जा," बानूबाई म्हणाली. "सगळीच्या सगळी घ्या. तिला बोटाची नखी बी नको."

वकील टाइप करायला वळले. "सदर राजेश्री ही हरकतदाराच्या ओळखीची, केवळ माल खरेदी करणारी..." ते स्वतःशी पुटपुटत होते.

"तसं न्हाई लिवायचं," साधना म्हणाली.

"का?"

"खोटं हाय ते."

"खोटं?" बानूबाई उसळली. "तिनं तुला रोजगारी केलं, आन् तू तिच्यासाठी खऱ्याचा धडा गिरवायलीस? लय माया उतू चालली का?"

"माया न्हाई, आत्या." साधनाचा आवाज चढला, तशी ती थांबली आणि पुन्हा खाली आणून बोलली. "परकी बाई माल घेऊन गेली म्हणलं, तर मी बी माल देणारीच झाले. ती तेच म्हणायली की. मी चाळायला येत व्हते, मजुरी करीत व्हते. मग तिचं आन् आपलं एकच झालं." ती वकिलांकडं वळली. "भागीदार लिवा."

"ताई, निम्मी खूण तिची म्हणून तुम्ही स्वतः कबूल करताय. नीट विचार करा. सासऱ्यांना विचारा."

"मामंजींनीच दिलंय ते काम माह्याकडं. निम्मी तिची व्हती, साहेब. मी दिल्ती. मजुराला देता येती का निम्मी खूण कुणाला?"

वकिलांनी टोपण काढलं, घातलं. मग स्क्रीनवरचा मजकूर पुसला. "हरलो तर मला बोलू नका."

"न्हाई बोलणार."

"जिंकलो तरी आजी बोलणार."

बानूबाई उठली. पदर खोचला आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसली, दाराकडं पाठ करून. समोरच्या भिंतीवर ते सगळे लाल-निळे प्रश्न होते आणि ते वाचून दाखवायला शेजारी कुणी नव्हतं.

"पक्षकारांची नावं," वकील म्हणाले. "भागीदार एक?"

"राजेश्री," साधना म्हणाली, आणि तिला मध्येच थांबून पाणी मागावं लागलं. वकिलांनी बाटली पुढं केली. ती प्यायली, पदरानं तोंड पुसलं. "राजेश्री महारुद्र. राहणार ताडकळस. तिचं आधी लिवा. तिला धंदा सुचलता."

"आणि भागीदार दोन?"

"साधना," ती म्हणाली. "पत्ता न्हाई म्हणून कोरा ठेवू नका आता. वस्तीचा घाला."